सातवा हात

काडगोंडाला मी मारलं. पहारीनं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. कुणी मारलं हा प्रश्नच नव्हता. घोळ असा होता की मी कंठशोष करून सांगत होते आणि ते कुणाला पटत नव्हतं, आणि तिकडं माझा धाकटा भाऊ बाळगोंडा माझ्या वाटणीचा मार खात कोठडीत पडला होता.

मी महानंदा. वय तेव्हा एक्केचाळीस. सासर दीड वर्षात सुटलं. नवऱ्यानं एकदा तापलेली आमटी अंगावर ओतली, त्याच दुपारी मी नेसत्या लुगड्यानिशी चालत माहेरी आले आणि परत म्हणून गेले नाही. माहेर म्हणजे हिंगणवाडी, मिरजेच्या पूर्वेला. आमचा एक एकराचा पानमळा. निम्मा आमचा, निम्मा चुलतभाऊ काडगोंडाचा, पण मधे बांध नाही. शेवरी-हादग्याच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या, आणि आत चैत्रातसुद्धा असा गारवा की बाहेरचं जग खोटं वाटावं.

तर या मळ्यात आंघोळ करून, अनवाणी जायचं. आणि बाईनं जायचंच नाही. बाईची सावली पडली की वेल जळते म्हणे. आम्ही बायका फाटकाजवळच्या शेडमध्ये बसून पानं निवडायचो, कवळ्या म्हणजे पानांच्या जुड्या बांधायचो, ओलं फडकं टाकून करंडीत रचायचो. पान खुडलं की आमचं, वेलीवर आहे तोवर पुरुषांचं. आमच्या आज्जीनं साठ वर्षं पानं निवडली आणि मळा कधी आतून बघितला नाही. तिला त्याचं काही वाटायचंही नाही. मला वाटायचं.

बारा वर्षांची असताना एका दुपारी शेळीचं करडू आत घुसलं. पुरुषमाणसं जेवून आडवी झालेली. मी करडामागं धावले आणि आत गेल्यावर करडू विसरले. मग आठ दिवस मी वेल जळायची वाट बघत होते. रात्री ताप यायचा भीतीनं. नवव्या दिवशी वडील कौतुकानं म्हणाले की यंदा सहाव्या ओळीला काय फूट आलीय बघा. मी नेमकी सहाव्या ओळीतच गेले होते. तेव्हापासून, सासरचं दीड वर्ष सोडलं तर, रोज दुपारी एक ते दोन मळा माझा. वडील गेल्यावर त्यांची नखी मी लपवून ठेवली होती. नखी म्हणजे अंगठ्यात घालायचं लोखंडी नख, त्यानं देठ कापतात. ती घालून दोन-चार पानं खुडायची, सुटलेली वेल लव्हाळ्यानं बांधायची, आणि मनातलं काय ते बोलायचं. कुणाला पत्ता नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

खुनाच्या आदल्या वर्षी डॉक्टर ऋजुता केळुसकर आल्या. माणसांच्या नव्हे, झाडांच्या डॉक्टर. बारीक चणीच्या, बोलायला फटकळ, कोकणातल्या. त्यांनी वेलीची नाडी बघायचं यंत्र आणलं होतं. तांब्याच्या केसाएवढ्या पिना वेलीला टोचायच्या, मधेमधे काडेपेटीएवढ्या डब्या टांगायच्या, आणि शेडमध्ये पडद्यावर सगळा मळा दिसायचा. पिना टोचायला अर्थात पुरुषच गेले. मॅडम बाई, त्यामुळं त्यांना शेडमध्येच बसवलं. एवढी शिकलेली बाई, तिनंही ते ऐकून घेतलं. कुणाच्या रीतीभातीत मी कशाला पडू, म्हणाली. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून घडलं, असं मी आजही म्हणते.

पानं निवडता निवडता मी त्यांना विचारत राहायची, आणि त्या मला नीट समजावून सांगायच्या. झाडाला ना मेंदू, ना नसा, तरी त्याला कळतं. तहान लागली की देठातल्या पाण्याच्या धाग्यात हवेचे बुडबुडे फुटतात आणि टिक-टिक आवाज होतो. आपल्या कानांच्या आवाक्याच्या वरचा असतो म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. पान चावलं, कापलं की अंगातून विजेची बारीक लाट धावते आणि कुठं दुखलं ते टोकापर्यंत पोचतं. आणि पान एक वास सोडतं. शेजारच्या झाडाला तो वास लागला की ते किडा यायच्या आधीच तयारीला लागतं, पानात कडवट-तिखट तेल भरतं. घाबरलेल्या नागवेलीचं पान जिभेला चटका देतं, ते त्यामुळं.

मी म्हटलं, मॅडम, मग रोज खुडतो आम्ही पानं, रोज रडतात का त्या?

त्या म्हणाल्या, तीच तर गंमत आहे. लाजाळूला पुन्हा पुन्हा हलकेच आपटलं तर काही वेळानं ते पानं मिटायचं सोडून देतं, यात धोका नाही हे त्याच्या अंगात कुठंतरी नोंदलं जातं. तुमच्या वेलींचंही तसंच झालंय. रोजच्या हाताचा दाब, घामातला खारटपणा, देठ कापायची लय हे सगळं त्यांच्या सवयीचं झालंय. ओळखीचा माणूस आला तर वेल शांत राहते आणि पडद्यावर हिरवं दिसतं. परक्यानं हात लावला तर लाल.

दोन महिन्यांनी मॅडमनी सगळ्यांना शेडपुढं बसवलं आणि सांगितलं की मळा सात हात ओळखतो. पुरुषांनी बोटं मोजली. काडगोंडा, बाळगोंडा आणि खुडणारे चौघं. सहा. पुन्हा मोजली, तरी सहाच. माझ्या हातातलं पान खाली पडलं. काडगोंडानं एकेकाकडं बघायला सुरुवात केली, आणि तो बघायला लागला की माणसं पाय मागं घ्यायची.

तेवढ्यात आमचा बाळगोंडा, जो चारचौघांत तोंड उघडत नाही, तो कान खाजवत म्हणाला, "सातवा हात देवाचा असंल. मळ्याचा म्हसोबा दुपारचा फिरतो, आप्पा सांगायचे." आप्पा म्हणजे आमचे वडील.

झालं. दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या पांगाऱ्याच्या बुंध्याशी नारळ आणि गुलाल. खुडणाऱ्यांनी हात जोडले, काडगोंडानंही जोडले. मॅडम हसल्या आणि आपल्या वहीत 'मोजणीतली चूक' असं लिहून मोकळ्या झाल्या. पुढं यंत्र हात मोजेनासंच केलं, फक्त हिरवं आणि लाल तेवढं ठेवलं. मी आठ दिवस आत गेले नाही. मग गेले. दर अमावास्येला नारळ फुटायचा आणि प्रसादाचा तुकडा मलाही मिळायचा. मी तो हसू दाबत खायची. काय अक्कल होती माझी.

आता काडगोंडा. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, मला जमणार नाही. एका खुडणाऱ्याच्या हातून वेल फाटली म्हणून त्यानं त्याची दोन बोटं दगडावर ठेवून दगडानंच ठेचली होती. त्याची बायको शोभावैनी शेडमध्ये माझ्या शेजारी बसायची. तिचा पुढचा दात नव्हता आणि डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. दोन्हीचं कारण एकच. पण वेलीला हात लावायचा तो तान्ह्या लेकराला लावावा तसा. यंत्रात त्याच्यासाठी कायम हिरवं. झाडं माणसाची नियत ओळखतात वगैरे जे कुणी बोलतात ना, त्यांना मी त्याचा पडदा दाखवला असता.

त्या दिवशी चौघं खुडणारे एका लग्नाला मिरजेला गेले होते. बाळगोंडा जेवून पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आडवा झाला होता. मी एकच्या सुमाराला आत शिरले. सहाव्या ओळीत एक वेल सुटली होती ती बांधत होते, आणि मागं वळते तर काडगोंडा. उतरणीचे दिवस आले होते. उतरण म्हणजे वाढलेली वेल खाली उतरवून, गुंडाळून चरात पुरायची, म्हणजे नवी फूट येते. त्यासाठी चर काढायला तो पहार घेऊन आला होता.

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मग अंगठ्यातल्या नखीकडं. मग म्हणाला, "म्हंजे नारळ तुला वाहत हुतो व्हय आम्ही?"

पहार त्यानं खाली ठेवली. माझे केस मुठीत धरले आणि तोंड हादग्याच्या खोडावर आपटलं. एकदा, दोनदा. दाताचा तुकडा जिभेवर आला. बाटवलास मळा, बाटवलास, असं तो दात-ओठ खात हळू आवाजात म्हणत होता, ओरडत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी वेलींना धरायला गेले तर तीन वेली मुळापासून माझ्या हातात आल्या. त्या बघून त्याचं डोकंच फिरलं. पोटात लाथ घालून मला चरात पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि ओल्या मातीचे लपके माझ्या तोंडात कोंबायला लागला. माती नाकात गेली. वेलीबरोबर तुलाबी पुरतो म्हणाला, आणि तो ते करणार होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही.

हाताला लोखंड लागलं, पहारीचं. आडवी पडल्या पडल्या फिरवली ती त्याच्या गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो बाजूला कोसळला, तरी हात लांबवून माझा गळा धरायला आला, तेव्हा मी उठून दुसरा घाव घातला, तो जबड्यावर. मग तो चराच्या कडेला उताणा पडला. जबडा एका बाजूला लोंबत होता. त्यानं हात वर केला, तळवा माझ्याकडं करून. थांब म्हणत होता.

पहिले दोन घाव जीव वाचवायला होते. तिसरा नव्हता. तिसरा मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, डोक्यावरून आणून घातला. मला राग आला होता, एक्केचाळीस वर्षांचा एकदम आला होता, आणि तो घाव घालताना मला बरं वाटलं. हे मी न्यायाधीशांपुढंही असंच सांगितलं. रक्त वेलींवर उडालं. माझ्या हातात अजून त्या तुटक्या वेलींचे तुकडे होते.

मान वर केली तर ओळीच्या टोकाला बाळगोंडा उभा. त्यानं सगळं बघितलं की शेवटचंच, मला माहीत नाही. जवळ आला, पहार माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "आक्का, घरी जा. आंगूळ कर."

आणि मी गेले. काडगोंडाला मारल्याचा मला जेवढा पश्चात्ताप नाही तेवढा त्या जाण्याचा आहे. डोक्यावरून पाणी घेत होते, दारात लाल ओघळ जात होता, आणि तिकडं माझा भाऊ पाटाच्या पाण्यात पहार धूत बसला होता. तसाच तो सापडला. काडगोंडाला बोलवायला त्याचे मेहुणे मलगोंडा आणि इरगोंडा आले होते. शोभावैनीचे भाऊ हे. बहिणीचा दात पडला तेव्हा फिरकले नव्हते, कान गेला तेव्हाही नाही. पण भावजी मेला म्हटल्यावर दोघांचं रक्त उसळलं. बाळगोंडाला त्यांनी पाटातून फरफटत फाटकापर्यंत आणलं, त्याच पहारीनं बरगड्या मोडल्या, मग आमच्या घरी येऊन दार फोडलं, चूल फोडली, गोठ्यातल्या शेळीच्या मानेवर कोयता चालवला. मी कोपऱ्यात बसून होते. तोंड सुजलेलं बघून त्यांना वाटलं रडून सुजलंय.

पोलीस निरीक्षक भंडाऱ्यांना दोन तासांत सगळं सुटलं. झाडांच्या नोंदी कोर्टात पुरावा म्हणून चालतात, असा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी पडदा मागं फिरवला. एक वाजून चार मिनिटांनी कुणीतरी मळ्यात शिरलं, पानांना घासत पाच ओळी ओलांडून सहावीत गेलं, आणि सगळीकडं हिरवं. परका आलाच नव्हता. एक वाजून सोळाला सहावी ओळ एकदम लाल. ओळखीचे हात सहा. एक मेला, चार लग्नाच्या पंगतीत, उरला एक, आणि त्याच्या हातात धुतलेली पहार. कोण काय बोलणार त्यावर?

सहा दिवस मी गप्प होते. भ्याले होते, दुसरं काही कारण नाही. सहाव्या दिवशी डबा घेऊन ठाण्यात गेले. बाळगोंडाला दोघांनी धरून आणलं. त्याचे तळपाय फुटले होते, पाय टेकवता येत नव्हते. डावा डोळा बंद. भाकरीचा तुकडा मीच मोडून त्याच्या हातात दिला. मी कानाशी वाकून म्हटलं की बाळू, आता मी सांगते सगळं. त्यानं मान हलवली. नको म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, भाकरीकडं बघत बोलला.

"आक्का, नारळ मीच ठेवत हुतो. तू आत जातीस ते मला शाळंत असल्यापास्नं ठावं हाय."

मी तिथंच फरशीवर बसले. माझं गुपित त्यानं इतकी वर्षं सांभाळलं होतं, देव उभा केला होता माझ्यासाठी. आणि मी आंघोळ करून घरात बसले होते.

तशीच उठून मी भंडाऱ्यांच्या टेबलापुढं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि हसले. बहिणीची माया कळते बाई, म्हणाले, पण तुमच्या मळ्यात बाई जात नाही हे पाच गावांना माहीत आहे. तुम्ही आत गेला असता तर यंत्र लाल झालं असतं. मी दाताचा तुकडा दाखवला, तर ते म्हणाले की तुमच्या घरावर हल्ला झालाय, त्यात पडला असेल. नखी दाखवली तर म्हणाले, वडिलांची आठवण. सातव्या हाताचं सांगितलं तर मागं उभा असलेला हवालदार पुटपुटला, तो तर देवाचा.

मग मी मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या की ती चूक माझी आहे, मी येते.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळे फाटकाशी जमले. भंडारे, त्यांचे चार पोलीस, मलगोंडा, इरगोंडा, अर्धं गाव. मॅडम शेडमध्ये पडद्यापाशी. आधी बाळगोंडाला बेड्या काढून आत पाठवलं. तो लंगडत, झाडांना धरत गेला. पहिली ओळ हिरवी, दुसरी हिरवी, रक्ताचे डाग वाळलेली सहावीसुद्धा हिरवी. भंडाऱ्यांनी मान डोलावली. मग मी फाटकात पाय टाकला आणि गावानं एकच गलका केला. कुणीतरी माझं लुगडं धरून मागं ओढलं. इरगोंडानं फेकलेला दगड भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, ते पदरानं पुसलं आणि मी आत गेले. एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत रोज जात होते तशी, फक्त या वेळी सगळ्यांच्या देखत.

पहिली ओळ. पानांवरून हात फिरवला. बाहेरून मॅडमचा आवाज आला, हिरवं. दुसरी ओळ, हिरवं. तिसरी, हिरवं. बाहेरचा गलका बंद पडला. शेडच्या बांबूच्या ताट्यांतून मला भंडाऱ्यांचा चेहरा दिसला, पडद्याकडं वाकलेला. एकोणतीस वर्षांत मला कुणी ओळखलं होतं ते या वेलींनी, आणि आता त्या चारचौघांत सांगत होत्या. बाळू सुटला, असं माझ्या मनात आलं.

चौथ्या ओळीत पाय ठेवला. मी हात पुढं केला, अजून पानाला लागलाही नव्हता.

"लाल," त्या म्हणाल्या.

पाचवीत लाल. सहावीच्या तोंडाशी उभी राहिले तर ओळीच्या शेवटापर्यंत सगळं लालभडक, आणि सातवी, आठवीही पेटत चाललेली. बाहेर आरडाओरडा सुरू झाला. खोटारडी, भावाला वाचवायला मळा बाटवला. दगड यायला लागले. एक पाठीत बसला, एक कानशिलावर, आणि मी वेलींच्या मधे गुडघ्यांवर आले. बाळगोंडा माझ्याकडं धावायला गेला तर त्याला पोलिसांनी खाली पाडून मानेवर पाय दिला. भंडारे फाटकातून ओरडले की पुरे झाला तमाशा, बाहेर काढा तिला.

तेव्हा मॅडम शेडमधून उठल्या, चपला काढल्या आणि सरळ मळ्याच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला मागं, पहिल्या ओळीत यायला सांगितलं. मी रांगत आले. पडदा हिरवा. पुन्हा पुढं जायला सांगितलं. चौथीपाशी लाल. मग बाळगोंडाला उठवून पुढं पाठवलं, सहावीपर्यंत हिरवा. मग एका पोलिसाला पाठवलं, जो या मळ्यात कधी आला नव्हता. तो चौथीतून, पाचवीतून गेला, काही नाही. पानाला हात लावला तेव्हा लाल. प्रत्येक ओळीत तसंच, हात लावला की लाल, एवढंसं, त्या एका वेलीपुरतं.

मॅडम भंडाऱ्यांकडं वळल्या.

"परक्याला वेल हात लागल्यावर घाबरते. हिला ती चार हातांवरून घाबरते, आणि शेजारणीला कळवते. हवेत हिच्या घामाचा वास आला तरी. ही परकी नाही, साहेब. या ओळींनी हिच्याच हातून काहीतरी भोगलंय, आणि ते त्यांच्या लक्षात आहे."

भंडाऱ्यांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. मग खिशातून वही काढली. बाळगोंडा सहावीतच खाली बसला होता. तो मातीत तोंड घालून रडत होता, आणि मी त्याच्याजवळ जाऊ शकत नव्हते, कारण मधे चौथी ओळ होती. म्हणजे जाऊ शकले असते. पाय धजेना.

एक पान मी हातात धरलं. गार होतं, नेहमीसारखंच मऊ. ते माझ्यापुढं किंचाळतंय, हे मला पडद्याशिवाय कधीच कळलं नसतं. गळ्यात दोर पडला असता तरी मला एवढं लागलं नसतं. मी त्या पानाला म्हटलं की अगं, मी. तीच मी. पडदा आणखी लाल झाला असणार.

मला बेड्या घालून गाडीत बसवत होते तेव्हाच गावानं मळा उपटायला घेतला. बाईनं बाटवलेला, खून झालेला मळा ठेवायचा नाही, असं ठरलं. पहारी, कोयते, दोन ट्रॅक्टर. खुडणारे चौघं, ज्यांनी आयुष्यभर वेलीला नखाएवढी इजा होऊ दिली नव्हती, ते सगळ्यांत पुढं होते. शेवऱ्या आडव्या पाडल्या, वेली मुठीनं ओरबाडल्या, ढीग करून रॉकेल ओतलं. यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मॅडम शेवटपर्यंत पडद्यापुढं बसून होत्या. गाडी निघताना मी त्यांना खिडकीतून विचारलं की काय दिसतंय, तर त्यांनी पडदा माझ्याकडं न वळवता फक्त हात वर केला.

मला दहा वर्षांची सजा झाली. पहिले दोन घाव सोडून दिले, तिसऱ्याची शिक्षा. मला ती बरोबर वाटते.

बाळगोंडा दर महिन्याला भेटायला येतो. लंगडतो अजून. परवा आला तेव्हा रुमालात ओलं फडकं आणि फडक्यात एक पान होतं. पहारेकऱ्यानं उलटंपालटं करून, वास घेऊन ते जाळीखालून आत सरकवलं. बाळू म्हणाला की मळा जाळायच्या आधी त्यानं वेलीच्या दोन कांड्या शर्टात लपवून नेल्या होत्या. आता ओढ्याकाठी दोन शेवऱ्यांवर लावल्यात आणि चांगल्या लागल्यात. तू सुटलीस की तुझ्या हवाली, म्हणाला. कुंपण घातलंय, पण वाट उघडी, फाटक नाही, कुणीबी यावं.

मी विचारलं, "कुठल्या ओळीतल्या कांड्या?"

"पहिल्या," तो म्हणाला आणि कान खाजवला. म्हसोबाचं सांगितलं होतं तेव्हाही त्यानं असाच कान खाजवला होता.

मी पान तोंडात टाकलं. ते इतकं तिखट होतं की जिभेला चटका बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाळू जाळीपलीकडून बघत होता. मी ते देठासकट चावून खाल्लं आणि त्याला सांगितलं की गोड आहे.